वॉटर सॉफ्टनरची जुळणी (मराठवाडा)

दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम रेझिनवर (यंत्रातल्या बारीक मण्यांवर) धरून त्याबदली सोडियम सोडणाऱ्या घरगुती यंत्राला आपल्या पाण्याप्रमाणे बसवणे, म्हणजे जुळणी. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड लागते : साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, डाळ लवकर शिजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठिणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६००.

जुळणीआधी थेंब मोजायच्या किटने कठिणपणा तपासावा. लाल झालेले पाणी निळे होईपर्यंत पडलेल्या थेंबांवरून आकडा निघतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नये. सॉफ्टनर नीट चालत असला तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, आणि त्यामुळे चांगले यंत्र बिघडले असे समजले जाते.

रेझिन भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामाला लावतात, हीच धुलाई. रेझिन २५ लिटर असेल व दर लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे एकूण अडीच किलो मीठ दिले, तर एका फेरीत, म्हणजे पुढच्या धुलाईपर्यंत, ११०० ग्रॅमच्या आसपास कठिणपणा निघतो. पाणी ४५० मिलिग्रॅमचे असेल तर सुमारे २,५०० लिटर मिळते. ७५० चे असेल तर जेमतेम १,५००. यंत्राच्या पाणी मोजणाऱ्या मीटरवर याहून दहा-पंधरा टक्के कमी आकडा लावावा. बोअरचे पाणी खोल गेल्यावर, टँकर आल्यावर किंवा नळाचे पाणी मिसळल्यावर हा आकडा बदलतो, म्हणून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी हवीच.

मिठाचा डोस टाकीत किती मीठ ओतले यावर ठरत नाही, यंत्र किती मिठाचे पाणी ओढते यावर ठरतो. एका लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते; अडीच किलोसाठी सात लिटर पाणी लागते आणि मिठाच्या टाकीतल्या फ्लोटची (पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या झडपेची) उंची त्यानुसार ठेवायची. खडेमीठ वापरावे. बारीक मिठाचा पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते आणि यंत्र नुसते पाणी ओढते.

सर्वात जास्त तक्रार मीठ ओढलेच जात नसल्याची असते. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब ०.३ बारच्या आसपास भरतो, तर बहुतेक इंजेक्टरना (मिठाचे पाणी ओढणाऱ्या भागाला) एक बारपेक्षा जास्त लागतो. अशा घरी प्रेशर पंप लावावा. त्यानंतर इंजेक्टरची जाळी काढून धुवावी. वीज गेल्याने घड्याळ मागे पडून भर सकाळी धुलाई सुरू होते. बॅटरी बदलून वेळ पुन्हा लावावी. रेझिन तपकिरी झाले तर लोह अडकलेले असते. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर ते पाणी यंत्रातून नेऊ नये, क्लोरीनने रेझिन खराब होते.

४५० मिलिग्रॅम कठिणपणा काढताना लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम वाढते. स्वयंपाकघराचा व पिण्याचा नळ आणि तुळशीचे पाणी वेगळ्या लाइनवर ठेवावे. धुलाईचे खारे पाणी काळ्या मातीत तर मुळीच सोडू नये; सोडियमने ती माती चिकट होऊन पाणी मुरणे थांबते.