मदुरो सिगार : काळ्या आवरणाची पार्श्वभूमी

सिगारचं आवरण, म्हणजे सर्वांत वर गुंडाळलेलं पान, गडद असलं की सिगार कडक असणार, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. कडकपणा ठरतो मुख्यतः आतल्या भरणावर, त्यातही रोपाच्या शेंड्याकडच्या जाड ‘लिगेरो’ पानांच्या प्रमाणावर. मदुरोच्या, म्हणजे गडद आवरणाच्या सिगारच्या, काळेपणातून कळतं ते एवढंच, की वरच्या पानानं किती उष्णता सोसली आणि किती काळ सोसली.

तंबाखूच्या पानांची सुरळी करून ओढणारे तायनो हे मूळनिवासी लोक कोलंबसच्या माणसांनी १४९२ मध्ये क्यूबात पाहिले. पुढे हा धंदा स्पेनच्या राजसत्तेनं आपल्या मुठीत ठेवला. क्यूबातली ही मक्तेदारी १८१७ मध्ये उठली आणि हवानाचे कारखाने झपाट्यानं वाढले. पण आजच्या मदुरोची खरी गोष्ट हवानापेक्षा अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यात जास्त घडली, असं मला वाटतं.

तिथलं ‘ब्रॉडलीफ’ पान उघड्या उन्हात वाढतं. ते जाड, तेलकट आणि दिसायला जरा ओबडधोबडच असतं. एकेक पान न खुडता अख्खं रोप बुंध्यातून कापतात, शेतातच थोडं कोमेजू देतात आणि मग काठीत ओवून कोठारात उलटं टांगतात. हिरवं पान तिथं पिवळं होतं, मग तपकिरी. त्यानंतर पानं ओलसर करून त्यांच्या मोठ्या राशी रचतात. रास आतून आपोआप तापते, मदुरोसाठी ५० अंश सेल्सियसच्याही पुढे जाऊ देतात. अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. ठरलेल्या तापमानाला रास मोडायची, आतली पानं बाहेर, बाहेरची आत घालून पुन्हा रचायची, असं महिनोन्‌महिने चालतं. पान काळपट होत जातं आणि धुरातला बोचरेपणा उतरतो. चव सौम्य झाली म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही. कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात तीही याच मुरण्यात.

याच खोऱ्यात १९०० च्या सुमारास सुमात्राच्या तलम पानाला टक्कर द्यायला कापडी मांडवाखाली तंबाखू लावायला सुरुवात झाली. ते पान देखणं आणि फिकट, पण एवढी उष्णता त्याला सोसत नाही, ते फाटतं. त्यामुळे काळ्या आवरणासाठी ब्रॉडलीफची जागा पक्की राहिली. मेक्सिकोत व्हेराक्रूझमधल्या सान आंद्रेसच्या जाड पानाचंही तसंच झालं. अमेरिकेनं १९६२ मध्ये क्यूबाशी व्यापार तोडल्यावर डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वातल्या कारखान्यांनी ही दोन्ही पानं जवळ केली.

वळणाऱ्याला मात्र हे पान सोपं नाही. शिरा ठळक, पोत असमान. मधली शीर काढून अर्धचंद्राकृती ‘चावेता’ पात्यानं निर्दोष पट्टी कापताना बराच भाग वाया जातो. शिवाय राशीत अडकलेला वेळ महाग पडतो. म्हणून काही उत्पादक पान वाफवून किंवा थेट रंगवून काळं करतात. असा रंग सहसा डागाविना एकसारखा दिसतो आणि कधी कधी ओठांनाही लागतो. मुरलेल्या पानात छटा असतात, शिरांजवळ रंग थोडा वेगळा पडतो.