आलमूतचे फिदायी

इराणच्या अल्बोर्झ पर्वतात, काझ्वीन शहराच्या ईशान्येला आलमूत नावाचा किल्ला आहे. इ.स. १०९० ते १२५६ या काळात तो शिया मुसलमानांतल्या निझारी इस्माइली पंथाच्या राज्याची राजधानी होता. या राज्यासाठी जीव द्यायला सिद्ध असलेल्या स्वयंसेवकांना फिदायी म्हणत. मराठीत ‘फिदा होणे’ हा प्रयोग आता कौतुकापुरता उरला असला, तरी दुसऱ्यासाठी स्वतःला ओवाळून टाकणे हा त्याचा मूळ अर्थ फिदायी या शब्दात शाबूत आहे. सेल्जुक तुर्क आणि पुढे मंगोल अशा दोन मोठ्या साम्राज्यांपुढे या लहानशा राज्याने जो प्रतिकार केला, त्याची सर्वांत भयंकर बाजू म्हणजे हे फिदायी. युरोपीय भाषांतला ‘असॅसिन’ हा मारेकऱ्यासाठीचा शब्द त्यांच्यावरूनच रूढ झाला. कथा-कादंबऱ्यांत आणि व्हिडिओ गेममध्ये आज जो टोपडेधारी, छतांवरून उड्या घेणारा मारेकरी दिसतो, कधी थेट मंगोलांच्या गवताळ मैदानांत जन्मून चंगीझ खानावर नेम धरणारा, त्याचा पूर्वज हाच.

किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, एका उभ्या तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर आहे. पायथ्याला गाझोरखान हे गाव. नवव्या शतकात दैलमच्या एका राजाने तो बांधला. शिकारीला गेलेल्या राजाचा गरुड या कड्यावर जाऊन बसला आणि त्यामुळे जागेचे मोल राजाच्या ध्यानात आले, अशी आख्यायिका आहे. आलमूत या नावाचा अर्थही ‘गरुडाची शिकवण’ असा सांगतात. नावातल्या अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज ४८३ येते आणि हिजरी सन ४८३ मध्येच (इ.स. १०९०) हसन-ए-सब्बाहने किल्ला घेतला. या योगायोगाचे त्या काळच्या लोकांनाही मोठे नवल वाटे.

हसन मूळचा कुमचा, वाढला रय शहरात. इस्माइली पंथ स्वीकारल्यावर तो कैरोला, त्याच पंथाच्या फातिमी खलिफांच्या राजधानीत जाऊन आला आणि परतल्यावर इराणभर फिरून त्याने अनुयायी जमवले. आलमूत त्याने लढून घेतला नाही. आधी त्याची माणसे शिबंदीत शिरली, मग तो स्वतः नाव बदलून गडावर राहू लागला. किल्लेदाराला हे उमगेपर्यंत गड हातचा गेला होता. किल्लेदाराला त्याने ३,००० सोन्याच्या दिनारांची हुंडी लिहून दिली आणि ती पुढे वटलीसुद्धा. त्यानंतर ११२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चौतीस वर्षे हसन गडाखाली उतरला नाही. या काळात त्याने खोऱ्यात पाट काढले, झाडे लावली, खडकात टाकी आणि कोठारे खोदली. धर्मग्रंथांसाठी त्याने अरबीऐवजी फारसी भाषा वापरली. आपल्या दोन्ही मुलांना त्याने देहान्ताची शिक्षा दिली, त्यांतल्या एकाला मद्य प्याल्याच्या आरोपावरून. बायको आणि मुलींना त्याने दूरच्या गिर्दकोह किल्ल्यावर पाठवले. तिथे त्या सूत कातून पोट भरत.

या राज्याचा नकाशा सलग प्रदेशाचा नव्हता. आलमूत आणि लमसर हे किल्ले असलेला रूदबार प्रदेश, दामघानजवळचा गिर्दकोह, पूर्व इराणमधल्या कुहिस्तानातली गावे आणि सीरियातले मस्याफ, कदमूस, कहफ असे किल्ले, असे ते शेकडो कोसांवर विखुरलेले होते. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या वाचकाला हे तंत्र समजावून सांगावे लागणार नाही: अवघड माथा, पोटात पाणी, भरलेले अंबारखाने आणि थोडी पण निष्ठावान शिबंदी.

मात्र वेढे सोसूनच भागणारे नव्हते. सेल्जुकांच्या फौजेशी मैदानात भिडण्याइतके बळ इस्माइलींकडे कधीच नव्हते. तेव्हा फौजेशी लढण्यापेक्षा ती आणणारा सरदार किंवा ती पाठवणारा वजीर गाठायचा, असा मार्ग हसनने धरला. १४ ऑक्टोबर १०९२ रोजी सुफी फकिराच्या वेशातला बू-ताहिर अर्रानी सेल्जुक वजीर निझाम-उल-मुल्कच्या पालखीजवळ गेला आणि त्याने त्याला खंजिराने भोसकले. पुढची कित्येक वर्षे हीच रीत राहिली. भर मशिदीत, दरबारात, शेकडो लोकांसमोर वार करायचा, हत्यार शक्यतो खंजीर, आणि मारणाऱ्याने पळून जाण्याची आशा धरायची नाही. आलमूतवर फिदायींची नावे आणि त्यांनी मारलेल्यांची नावे यांची यादी ठेवत असत. कधी न मारताही काम होई. सेल्जुक सुलतान संजरला एका सकाळी उशाजवळ जमिनीत रोवलेला खंजीर दिसला. काही दिवसांनी हसनचा निरोप आला: सुलतानाचे भले चिंतत नसतो, तर कठीण जमिनीत रोवलेला तो खंजीर त्याच्या मऊ छातीत रोवला असता. संजरने पुढे बराच काळ आलमूतला हात लावला नाही. ही हकिकत जुवैनी या शत्रुपक्षाच्या, म्हणजे मंगोलांच्या चाकरीतल्या इतिहासकाराने लिहिली आहे, हे ध्यानात ठेवावे.

ही रीत सेल्जुकांवर चालली, याला कारण होते. त्यांची सत्ता सुलतानापेक्षा सरदारासरदारांत वाटलेली होती आणि सरदार मेला की त्याची फौज पांगे. एका खंजिराने वेढा उठू शकत असे. मंगोलांच्या बाबतीत हे गणित साफ चुकले.

फिदायी हशीश पिऊन बेभान होत, म्हणून त्यांना ‘हशीशी’ म्हणत, ही समजूत फार खोल रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. ‘हशीशिय्या’ ही बाराव्या शतकातल्या अरबी लेखनात, मुख्यतः सीरियाच्या संदर्भात, आढळणारी शिवी होती; ‘गांजेकस’ म्हणावे तशी, हलक्या आणि धर्मभ्रष्ट लोकांसाठी वापरलेली. क्रुसेडर, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, तिथे होते, त्यांनी ती उचलली आणि ‘असॅसिन’ केली. १८०९ मध्ये सिल्वेस्त्र द सासी या फ्रेंच पंडिताने शब्दाची ही व्युत्पत्ती दाखवली, पण नशेची कथाही खरी धरली. तरुणांना गुंगीचे पेय पाजून मधाचे पाट आणि सुंदर स्त्रिया असलेल्या बागेत नेणारा ‘पर्वतावरचा म्हातारा’ प्रसिद्ध झाला तो मार्को पोलोमुळे. पोलोचा जन्म १२५४ चा, म्हणजे आलमूत पडला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. किल्ला पडला त्या वेळी तिथे हजर असलेल्या आणि इस्माइलींचा मनापासून द्वेष करणाऱ्या जुवैनीने अशा बागेचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. बाग दिसली असती, तर त्याने ती सोडली नसती.

मंगोलांशी आलमूतचे नाते वैराने सुरू झाले नाही. चंगीझ खानाच्या फौजा १२१९ नंतर मध्य आशियातल्या ख्वारझमवर तुटून पडल्या, तेव्हा आलमूतचा इमाम, म्हणजे पंथाचा धर्मगुरू आणि राज्याचा धनी, तिसरा हसन याने लवकरच दूत पाठवून सलोखा केला. खुरासानातली शहरे जळत असताना कुहिस्तान त्यामुळे बचावले, आणि तिथे जे घडले ते मारेकऱ्यांच्या कथांत कुठेच येत नाही. मिन्हाज-ए-सिराज जुझजानी हा सुन्नी विद्वान १२२० च्या दशकात दूत म्हणून कुहिस्तानात गेला होता. तिथला इस्माइली अधिकारी शिहाबुद्दीन याने मंगोलांपासून पळून आलेल्या सुन्नी विद्वानांना आणि सामान्यांना आसरा, वस्त्रे आणि पैसा कसा दिला, हे त्याने आदराने लिहिले आहे. ही उधळण इतकी झाली की स्थानिक इस्माइलींनीच आलमूतकडे तक्रार केली आणि शिहाबुद्दीनच्या जागी दुसरा अधिकारी आला. जुझजानी पुढे हिंदुस्थानात आला आणि दिल्लीच्या सुलतानाच्या आश्रयाने त्याने हा इतिहास लिहिला. नासिरुद्दीन तूसी हा त्या युगातला मोठा गणिती आणि खगोलज्ञही याच काळात इस्माइलींकडे आला. त्याने आपला नीतिशास्त्रावरचा ग्रंथ कुहिस्तानच्या अधिकाऱ्याला अर्पण केला आणि आलमूतच्या ग्रंथालयाच्या आधाराने तो अनेक वर्षे लिहीत राहिला.

सलोखा टिकला नाही. १२३८ मध्ये आलमूतचे दूत मंगोलांविरुद्ध मदत मागायला इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांपर्यंत पोहोचले. ख्रिस्ती जगाने पाठ फिरवली. १२४६ मध्ये मंगोल सम्राट गुयुक खानाच्या राज्यारोहणाला गेलेल्या इस्माइली दूतांना अपमान करून परत धाडले गेले. मग मोंग्के खान गादीवर आला. काझ्वीनचा काझी त्याच्या दरबारात गेला, तेव्हा त्याने अंगरख्याखाली चिलखत घातले होते; विचारल्यावर, ‘इस्माइलींच्या भीतीने हे रोजच घालावे लागते,’ असे त्याने सांगितले. असे मंगोलांचा इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो. १२५४ मध्ये मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला पोहोचलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूची कसून चौकशी झाली, कारण खानाला मारायला वेश पालटून फिदायी निघाल्याची खबर तिथे पसरली होती. मोंग्केच्या जिवावर उठलेला असा कोणी खरोखर काराकोरमच्या तंबूंपर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. मात्र चघताय नावाचा एक मंगोल सेनानी फिदायींच्या हातून मारला गेला आणि त्याच्या मुलीने पुढे त्याचा भीषण सूड घेतला. सेनानी मेला, पण फौज पांगली नाही. मंगोल सैन्यात दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा उभा राहत असे.

मोंग्केने आपला भाऊ हुलागू याला पश्चिमेकडे धाडले, ते आधी इस्माइलींना आणि मग बगदादच्या खलिफाला संपवण्यासाठी. हुलागूचा सेनापती कितबुका याची आघाडीची तुकडी १२५३ मध्येच कुहिस्तानात उतरली आणि तिने गिर्दकोहला वेढा घातला. गडावर रोगाची साथ पसरली, तेव्हा आलमूतहून निघालेली कुमक वेढा फोडून आत शिरली. प्रत्येकाच्या पाठीवर मीठ आणि मेंदी होती. मेंदीचे पाणी या रोगावर उतारा ठरते, असा अनुभव गडावर आला होता. हुलागू स्वतः १२५६ च्या आरंभी आमूदर्या ओलांडून आला. त्याच्याबरोबर चीनमधून आणलेले यंत्रकुशल लोक आणि दूरवर बाण फेकणारी प्रचंड धनुष्ये होती.

आलमूतच्या गादीवर तेव्हा रुक्नुद्दीन खुर्शाह होता. त्याच्या बापाचा १२५५ च्या डिसेंबरात खून झाला होता आणि या तरुणाला राज्य करून जेमतेम वर्ष होत होते. तो वेळ काढत राहिला. भावाला पाठवले, काही बुरूज पाडून दाखवले, हिवाळा लागेल या आशेवर निरोपांवर निरोप धाडले. नोव्हेंबरात हुलागूने तो होता त्या मैमून-दिझ किल्ल्याला वेढा घातला आणि थोड्याच दिवसांच्या लढाईनंतर १९ नोव्हेंबर १२५६ रोजी खुर्शाह खाली उतरला. बरोबर तूसी होता. शरणागतीच्या अटींचा मसुदा जुवैनीच्या हातचा. खुर्शाहच्या हुकमाने एकेक किल्ला रिकामा होत गेला; आलमूत डिसेंबरात पडला.

पुढचा प्रसंग वाचताना मन विषण्ण होते. हुलागूची परवानगी घेऊन जुवैनी आलमूतच्या ग्रंथालयात गेला. कुराणाच्या प्रती, खगोलयंत्रे आणि काही निवडक ग्रंथ त्याने बाजूला काढले आणि बाकीचे सगळे, त्याला पाखंड वाटले ते, जाळले. हसन-ए-सब्बाहचे चरित्र मात्र त्याने आधी वाचून त्यातला मजकूर आपल्या इतिहासात घेतला. हसनबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग हा ग्रंथ जाळणाऱ्यानेच वाचवलेला आहे. गडाची कोठारे पाहून तर तोही चकित झाला. खडकात खोदलेल्या टाक्यांत सिरका आणि मध भरलेला होता. खोली न कळल्याने एक शिपाई मधाच्या टाकीत बुडता बुडता वाचला.

खुर्शाहला आधी मान मिळाला. मंगोल पत्नी मिळाली. उंटांच्या झुंजीचा त्याला नाद, म्हणून उंटही मिळाले. उरलेले किल्ले शरण येईपर्यंतच त्याची गरज होती. तो मोंग्केला भेटायला काराकोरमला गेला, भेट नाकारली गेली आणि १२५७ मध्ये परतीच्या वाटेवर पहारेकऱ्यांनीच त्याला मारले. इकडे त्याचे नातलग आणि फौज कापून काढण्यात आली. एकट्या कुहिस्तानात १२,००० लोक मारल्याची नोंद आहे. यांतले फारच थोडे फिदायी असतील. गिर्दकोह मात्र इमाम मेल्यावरही लढत राहिला. १२७० च्या डिसेंबरात, सतरा वर्षांनी, अंगावर घालायला कपडे उरले नाहीत म्हणून शिबंदी खाली उतरली आणि मारली गेली. त्यानंतरही १२७५ मध्ये इस्माइलींनी आलमूत परत घेऊन काही काळ राखला.

इमामांची परंपरा इराणात लपूनछपून चालू राहिली. तिचा एकोणिसाव्या शतकातला वारस, पहिला आगाखान हसन अली शाह, इराणच्या शहाशी बिनसल्यावर हिंदुस्थानात आला आणि १८४८ पासून मुंबईत राहिला. खोजा जमातीच्या मालमत्तेवर आणि तिच्या धर्मावर त्याचा अधिकार आहे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये आगाखानाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्या निकालपत्रात हसन-ए-सब्बाह आणि आलमूतचा इतिहास विस्ताराने आला आहे. १८८१ मध्ये वारलेल्या हसन अली शाहाची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस त्याचा नातू, तिसरा आगाखान, याने १८९२ मध्ये बांधला. व्लादिमिर इवानोव या रशियन अभ्यासकाने विसाव्या शतकात मुंबईत राहूनच इस्माइली हस्तलिखिते शोधली, छापली आणि आलमूत-लमसरच्या अवशेषांवर पुस्तक लिहिले. जुवैनीच्या आगीतून सुटलेले ग्रंथ मध्य आशियात, सीरियात आणि इथे, घराघरांतल्या पेट्यांत राहिले होते.