भाच्याच्या लेन्सला पाव नंबर

परवाच्या रविवारी भाचा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून थेट आमच्या सहकारनगरच्या गच्चीवर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रशियन लेन्स: हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर (हे तिचं नाभीय अंतर), एफ/२ (हे भोकाचं माप; आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी, म्हणजे ऑनलाइन मागवलेला अडॅप्टर, आधीच घरी येऊन पडला होता. लेन्स डीएसएलआरला (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याला) लावली, पाच मिनिटं फोकसची रिंग फिरवली आणि साहेबांनी जाहीर केलं, "मामा, लेन्स बाद आहे. पर्वती दिसतच नाही."

मी बघितलं. समोरच्या तुळशीच्या मंजिऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. तिच्यामागे दोरीवर वाळत घातलेली चादर जराशी विरघळलेली आणि पर्वतीवरचं देऊळ म्हणजे निव्वळ पांढरा डाग. रिंग फिरून फिरून टोकाला आली होती, आडव्या आठाची अनंताची खूण रेषेवर बसली होती, पुढे जायला जागा नव्हती.

लेन्स बाद नव्हती. तिला निकटदृष्टिता झाली होती. दहावीच्या पुस्तकात डोळ्याचं चित्र असतं ना, जवळचं दिसतं आणि लांबचं धूसर, तीच. गंमत म्हणजे हा दोष ना लेन्सचा होता ना कॅमेऱ्याचा. दोघांचं लग्न लावताना पत्रिकेतली एकच गोष्ट बघायची असते, ती कोणी बघितली नव्हती. (बाकीच्या पत्रिकेवर माझा विश्वास नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.)

जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी कोणता कॅमेरा घ्यावा, असं कोणी विचारलं की लोक मेगापिक्सेल सांगायला लागतात. माझं उत्तर मिलिमीटरमध्ये असतं. लेन्स जिथे टेकते ती कॅमेऱ्याची धातूची कडी आणि आतला सेन्सर, यांच्यातलं अंतर. याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्स बनवणारा हे अंतर पक्कं धरून चालतो. रिंग अनंतावर असताना दूरच्या वस्तूची प्रतिमा कडीपासून बरोब्बर तेवढ्या अंतरावर पडली पाहिजे, अशा बेताने तो काचा बसवतो. पूर्वी त्या जागी फिल्म असायची, आता सेन्सर आहे, इतकाच फरक.

हेलिओसची आटे पाडलेली जी बैठक आहे तिला एम-४२ म्हणतात, कारण आट्यांचा व्यास ४२ मिलिमीटर. ही पद्धत १९४९ च्या पूर्व जर्मन कॉन्टॅक्स एसपासूनची, पुढे प्रॅक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी उचललेली. म्हणूनच जुन्या बाजारात या लेन्स इतक्या सापडतात. तिचं फ्लँज अंतर ४५.४६ मिलिमीटर. भाच्याच्या कॅमेऱ्याची बैठक निकॉन एफ, १९५९ पासूनची, आणि तिचं अंतर ४६.५. म्हणजे अडॅप्टरची स्वतःची जाडी शून्य धरली तरी लेन्स सेन्सरपासून १.०४ मिलिमीटर जास्त लांब बसते. एक मिलिमीटरने असं काय बिघडतं? आता थोडं गणित. नको असेल त्यांनी एक परिच्छेद ओलांडावा, मी रागावणार नाही.

भिंगाचं सूत्र आठवा: वस्तूचं अंतर, प्रतिमेचं अंतर आणि नाभीय अंतर यांचं उलट्या अपूर्णांकांचं नातं. चिन्हांचा गोंधळ बाजूला ठेवला तर वस्तूचं अंतर म्हणजे (नाभीय अंतर × प्रतिमेचं अंतर) भागिले (प्रतिमेचं अंतर वजा नाभीय अंतर). अनंतावरच्या वस्तूची प्रतिमा ५८ मिलिमीटरवर पडते. आपला सेन्सर मात्र ५९.०४ वर आहे. मग ५८ गुणिले ५९.०४, भागिले १.०४. उत्तर सुमारे ३,२९० मिलिमीटर. सव्वातीन मीटरच्या पलीकडे या लेन्सला काहीच स्वच्छ दिसणार नाही! वर भाच्याच्या अडॅप्टरची जाडी आणखी जवळपास एक मिलिमीटर. तोच भागाकार आता दोनने करा, सुमारे पावणेदोन मीटर येतं. तुळस दीड मीटरवर होती, चादर तीनवर. गच्चीवर टेप घेऊन मोजलं तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प झाला.

डोळ्याचे डॉक्टर हेच मीटर उलटे करून सांगतात. सव्वातीन मीटर म्हणजे साधारण उणे ०.३, पाव नंबराहून थोडा जास्त. एवढ्याला माणूस चष्मा लावतही नाही, पण कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. शिवाय ही शिक्षा सगळ्या लेन्सना सारखी नसते. तोच १.०४ मिलिमीटर १३५ च्या टेलिलेन्सला सुमारे साडेसतरा मीटरवर अडवतो, आणि २८ च्या वाइड लेन्सला पाऊण मीटरच्या जरा पुढे. नाभीय अंतर जितकं कमी, तितका एक मिलिमीटर महाग. आपला डोळा तर याहून आखूड पल्ल्याचा, म्हणून बुबुळामागचा गोळा एकच मिलिमीटर लांब वाढला की मुलांना अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. अंधारात वाचल्याने किंवा गाजर न खाल्ल्याने लागतो, हे आजीचं मत. प्रश्न गोळ्याच्या लांबीचा आहे.

चष्मा इथेही मिळतो. असे अडॅप्टर येतात ज्यांच्यात एक छोटं अंतर्वक्र भिंग बसवलेलं असतं. पर्वती दिसायला लागते, पण सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी झटून आखलेल्या काचांच्या मागे शे-दोनशे रुपयांची काच येते. कडा मऊ होतात, दृश्यही किंचित आवळतं. त्यापेक्षा कॅमेराच बदलावा.

आता आरसा. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्या मधोमध ४५ अंशांत आरसा असतो, तो वर-खाली हलायला जागा हवी, म्हणून बहुतेक आरशाच्या कॅमेऱ्यांचं फ्लँज अंतर चाळिशीच्या पुढे. प्रत्येक कंपनीने आपापलं अंतर ठरवलं: कॅनन एफडी ४२, मिनोल्टा ४३.५, ऑलिंपस ओएम ४६, लायका आर ४७. कॅननने १९८७ मध्ये बैठक बदलून ४४ मिलिमीटरची ईएफ आणली. त्यामुळे एम-४२ च्या लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर दीड मिलिमीटरच्या साध्या चकतीने बसत, आणि कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स मात्र कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर पोरक्या. मग मिररलेस आले आणि आरसाच गेला. सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. आता एम-४२ ची लेन्स सोनीवर लावायची तर मधल्या २७.४६ मिलिमीटरसाठी फक्त एक पोकळ नळी लागते. काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. लेन्सला वाटतं आपण जुन्याच घरी आहोत. एफडी, मिनोल्टा, ओएम, सगळ्यांना हेच लागू. जुन्या लेन्ससाठी मिररलेस घ्या, असं मी सांगतो ते एवढ्याचसाठी. उलटं मात्र होत नाही: अंतर कमी असेल तर नळी घालून वाढवता येतं, जास्त असेल तर कॅमेरा किसून कमी करता येत नाही.

इथे माझं आवडतं प्रकरण संपायला हवं होतं, पण अजून एक काच आहे आणि तिच्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत. फिल्मसमोर काही नसायचं. सेन्सरसमोर संरक्षक आणि अवरक्त गाळणाऱ्या काचांचा थर असतो, सोनीत साधारण २ मिलिमीटर, लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांत ४ च्या आसपास, लायकाच्या एम कॅमेऱ्यात मुद्दाम पातळ. ही म्हणजे शाळेतली काचेची चीप. टाचण्या टोचून किरण सरकलेला दाखवायचो, ती. सरळ येणाऱ्या किरणांचा फोकस २ मिलिमीटरची चीप सुमारे ०.६७ मिलिमीटर मागे ढकलते, आणि हा फरक रिंग फिरवून भरून निघतो. पण ४० अंशांनी तिरपा आलेला किरण सुमारे ०.८७ मिलिमीटर मागे जातो. हा वरचा ०.२ कसाही भरून निघत नाही, कारण मध्य जुळवला की कडा सुटते. एफ/२ वर सेन्सरपाशी फोकसची मुभा असते जेमतेम ०.०६ मिलिमीटर, वहीच्या पानाच्या जाडीपेक्षा कमी. म्हणजे तिप्पट चूक झाली. एसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, जुन्या लेन्सचे किरण बरेचसे सरळ येतात, कारण आरशामुळे त्यांना मुळातच लांब राहावं लागलं. म्हणून हेलिओसवाल्यांनी निवांत झोपावं. जुन्या रेंजफाइंडर, म्हणजे बिनआरशाच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स मात्र सेन्सरच्या अगदी जवळ शिरतात आणि त्यांचे कोपरे या चिपेने पुसट होतात. त्या गोळा करायच्या असतील तर कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलआधी या काचेची जाडी विचारा.

सेन्सरचा आकार हा साधा मुद्दा आहे, पटकन सांगतो. या लेन्स ३६ × २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी केलेल्या. फुल फ्रेम सेन्सर तेवढाच असतो. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर मधला भाग कापला जातो आणि ५८ ची लेन्स साधारण ८७ सारखं दृश्य दाखवते. आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कोणाचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला लागते. शिवाय हेलिओसचा तो सुप्रसिद्ध भोवरा, मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात तो, कडांनाच असतो. तिरप्या किरणांना लेन्सची नळी दोन्हीकडून खाते, म्हणून प्रकाशाचे गोल ठिपके कडेला बदामासारखे होतात आणि सगळे बदाम मध्याभोवती फेर धरतात. लोक त्याला लेन्सचा आत्मा म्हणतात. जुन्या काचेत आत्मा नसतो, नळीत अडलेला प्रकाश असतो. मला तो आवडतो, हा भाग वेगळा.

आत्म्याचा विषय निघालाच आहे तर किरणोत्साराचाही. काही जुन्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या पेंटॅक्सच्या काही सुपर-टाकुमार लेन्समध्ये, थोरियम घातलेली काच आहे. ती कालांतराने पिवळी पडते आणि उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पुष्कळशी निवळते. थोरियम म्हटल्यावर घाबरून लेन्स विहिरीत टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, की लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीची जी पांढरी जाळी, जिला सगळे 'मेंटल' म्हणत, ती जवळजवळ थोरियम ऑक्साइडचीच असे. आजोबा ती बोटांनी बांधत. लेन्स उशाला घेऊन झोपू नका, काच घासून तिची पूड करू नका, बाकी फोटो काढा. खरा धोका बुरशीचा आहे. जुलै-ऑगस्टच्या पुण्यात कपाटातल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उठतात आणि त्यावर उपाय म्हणून लोक ती तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदूळ ओल शोषायला फार लेचापेचा आहे आणि त्याचं पीठ रिंगमध्ये जातं. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, तांदळाचा भात करा.

हाताने फोकस करायला मिररलेस बरा, याचं आणखी एक कारण. आताच्या डीएसएलआरचे, आरशावरून चित्र ज्यावर पडतं ते काचपडदे उजळ दिसावेत म्हणून केलेले असतात, ते साधारण एफ/२.८ पेक्षा उघड्या लेन्सची खरी धूसरता दाखवतच नाहीत. डोळ्याला स्वच्छ दिसतं, फोटो फसतो. जुन्या कॅमेऱ्यात यासाठी मधोमध दुभंगलेली प्रतिमा असायची. मिररलेसमध्ये सेन्सरवरचंच चित्र दिसतं, ते दहापट मोठं करून पापण्या मोजाव्यात. कडांवर लाल रंग चढवणारी पीकिंगची सोय दिसायला भारी, पण एफ/२ वर ती नाक आणि डोळा दोन्ही लाल करते. मी मोठं करूनच बघतो.

सेन्सर हलवून थरथर आवरणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम. फुल फ्रेम मिररलेसमध्ये ते पहिल्यांदा २०१४ च्या सोनी ए-७ मार्क २ मध्ये आलं. पण त्याला नाभीय अंतर हाताने सांगावं लागतं. हात जितका कोन हलला, तितकी प्रतिमा नाभीय अंतराच्या पटीत सरकते, आणि आपली मुकी लेन्स स्वतःचं अंतर सांगत नाही. ५८ लावून मेनूत १३५ राहिलं तर कॅमेरा स्वतःच थरथर वाढवतो. आणखी एक: लेन्स लावली नाही असं समजून कॅमेरा क्लिकच करत नाही. लेन्सशिवाय शटर उघडण्याची परवानगी मेनूत द्यावी लागते. यासाठी भाच्याने मला रात्री साडेअकराला फोन केला.

हो, त्याने वापरलेला मिररलेस घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्ची, पुन्हा पर्वती. देऊळ आता कळसासकट रेखीव. तरी तक्रार होतीच: "मामा, अनंतावर रिंग नेली की देऊळ पुन्हा धूसर होतं. खुणेच्या रेषाभर अलीकडे स्वच्छ दिसतं." मी त्याला ५८ चा वर्ग करायला सांगितला. ३,३६४. अडॅप्टर एक दशांश मिलिमीटर आखूड असेल तर रिंगवर तेहतीस-चौतीस मीटर येतात तेव्हा लेन्स खरं तर अनंताकडे बघत असते. बनवणारे तो मुद्दामच किंचित आखूड ठेवतात. तेवढाच लांब झाला असता तर गल्लीच्या तोंडापलीकडे काही दिसलं नसतं. भाच्याने आईकडून नेलपॉलिश आणून रिंगवर त्या जागी एक लाल ठिपका दिला आणि खाली लिहिलं: पर्वती.