प्लास्टिक सर्जरीचा मेडिक्लेम: कागद कुठे कमी पडतो?

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा नसतो, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्यामुळे ज्यांचा हक्क आहे तेही अर्ज करत नाहीत, किंवा करतात आणि 'कॉस्मेटिक' या एका शब्दापायी परत येतात.

पॉलिसीच्या पुस्तिकेत 'एक्स्क्ल ०८' (Excl08, न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतलं कलम) हा कोड शोधा. रूप बदलण्यासाठीचा खर्च मिळत नाही असं तिथे म्हटलंय, पण त्याच वाक्यात सवलतही आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना चालते. प्रकृतीला थेट, तातडीचा धोका असेल तर तो दूर करणारे उपचारही चालतात, मात्र त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला हवा. यंत्रमागात बोटं सापडलेला कामगार, स्टोव्हच्या भडक्यानं मान आखडलेली बाई, बार्शीत स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन आता पुनर्रचना करून घेणारी रुग्ण, हे सगळे या सवलतीत येतात. केसरोपण आणि चरबी काढणं येत नाही. नाकाचं मात्र जपून. आतला वाकडा पडदा सरळ करणं हा उपचार (त्यालाही बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं), बाहेरचा आकार बदलणं ही हौस. दोन्ही एकाच बिलात आलं की कंपनी सगळंच नाकारायला बघते. बिलं वेगळी मागा.

क्लेम फॉर्म, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड हे सगळे आणतात. नसतो तो अपघाताचा पुरावा. भाजलं दोन वर्षांपूर्वी, मलमपट्टी गावच्या डॉक्टरांकडे, आखडलेली कातडी सोडवण्याची शस्त्रक्रिया आता, आणि कंपनी विचारते, भाजल्याचा कागद कुठंय? तेव्हा सिव्हिलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात दाखल केलं असेल तर तिथल्या रेकॉर्ड विभागात दाखल तारीख लिहून अर्ज करा आणि एमएलसी नोंदीची (अपघात-भाजल्याच्या, पोलिसांना कळवायच्या रुग्णाची नोंद) व केसपेपरची साक्षांकित प्रत मागा. एका खेपेत मिळेल अशी आशा धरू नका.

आणि एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. घरात भाजलेल्या बाईचं कारण पहिल्या दवाखान्यात 'चहा सांडला' आणि दुसऱ्या दवाखान्यात 'स्टोव्ह भडकला' असं सांगितलं जातं. दोन कागदांवर दोन कारणं दिसली की क्लेम अडकलाच. पहिल्याच दिवशी खरं काय ते लिहून घ्या.

दाखल्यात 'व्रण काढला' एवढंच नको. मान वर होत नाही, पापणी मिटत नाही, मूठ वळत नाही, असं काय अडलंय ते डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, तेही डिस्चार्जच्या आधी. नंतर डॉक्टर सापडत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो लाजून टाळू नका. कॅन्सरच्या रुग्णांनी बायोप्सीचा मूळ अहवाल सांभाळून ठेवावा.

मुदतीत गफलत ठरलेली. पॉलिसीत कागद देण्याची मुदत १५ किंवा ३० दिवसांची असेल, तर ती साधारणपणे डिस्चार्जच्या तारखेपासून धरतात. टाके काढल्यापासून किंवा शेवटच्या ड्रेसिंगपासून नाही. डिस्चार्जनंतरच्या बिलांची मुदत वेगळी असते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला कॅशलेसची, म्हणजे कंपनीनं थेट रुग्णालयाला पैसे देण्याची, परवानगी आधी घ्या. अर्ज गेल्यावर कंपनीनं एका तासात उत्तर द्यायचं असतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असं नाही, नंतर परतफेडीचा अर्ज करता येतो. हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

नकार आला तर पत्रात कलम लिहिलंय का ते बघा, तोंडी नकार ऐकून घरी जाऊ नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसीच नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. दाखल होण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा, कारण आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि नव्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलंय का ते आजच पाहा. माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं आणि सासरच्या कार्डावर अजून न चढलेलं नाव घेऊन आलेल्या किती जणी तिथूनच मागे फिरतात.