महाडला कायदा मोडला गेला नव्हता

चवदार तळ्याचे पाणी पिऊन बाबासाहेबांनी कायदा मोडला, असे आजही अनेकजण सांगतात. अगदी कौतुकानेसुद्धा. पण ते खरे नाही, आणि हा फरक किरकोळ नाही.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्येच मंजूर केला होता. सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर. मुसलमान तिथे पाणी भरत, गुरेढोरे पीत. अस्पृश्यांना मात्र कुणी काठावर येऊ देत नव्हते. 20 मार्च 1927 ला हजारो माणसे गेली ती मिळालेला हक्क बजावायला. कायद्याच्या विरुद्ध वागले ते त्यांच्यावर लाठ्या चालवणारे, आणि नंतर शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ करणारे.

पुढे काय झाले, हे तर फारच कमी सांगितले जाते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा करून कोर्टातून मनाई आणली. बाबासाहेबांनी ती पाळली, तळ्याला हात लावला नाही. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि खटला लढत राहिले. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.