डुकरांसाठी बंदुकीचं लायसन्स काढताय? आधी भीमगड किती लांब ते मोजा

भात पोटरीला आलं की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात रात्रीची झोप संपली म्हणायची, डुकरांचा कळप एका रात्रीत अख्ख्या वाफ्याचा चिखल करून जातोय आणि सकाळी चहाच्या टपरीवर कोणतरी म्हणतंयच, "बंदुकीचं लायसन्स काढूया गा". काढा की, पण पळापळ सुरू करायच्या आधी हे वाचा.

पहिलं म्हणजे गाव भीमगड अभयारण्यापासून किती किलोमीटर आहे ते बघा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन लायसन्स द्यायचं तर चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची (राज्याच्या वन्यजीव विभागाच्या मुख्य अधिकाऱ्याची) संमती आधी लागते. हेमाडगा, गवाळी, कोंगळा, आमगाव ही गावं यात येणारच. तिकडच्या लोकांचं बाकी सगळं पेपर बरोबर असलं तरी फाईल इथंच अडकते, आणि आधीपासून लायसन्स असलेल्यांनाही वनखात्याकडं नावाची नोंद करावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय.

वय २१ पूर्ण पाहिजे. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून ५ वर्षं झाली नसतील तर अर्ज करून उपयोग नाही. पिकासाठी म्हणून मागितलं की कायद्यात मुळात ठासणीचीच (नळीच्या तोंडातनं दारू ठासून भरायची) बंदूक धरलेली आहे, ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी साध्या नळीची (आत आटे नसलेली), म्हणजे आपली बारा बोअर वगैरे. पिस्तूल विसरा.

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, ऑनलाइन एलिस पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शस्त्र परवान्याच्या वेबसाइटवर. त्याला पांढऱ्या बॅकग्राउंडचे ४ पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि जमिनीची माहिती म्हणजे आरटीसी उतारा (कर्नाटकातला सात-बारा), त्यात कसणाऱ्याचं नाव आणि पीक नीट आलंय का बघून घ्या, तलाठ्याकडनं दुरुस्ती करायला लागली तर हंगाम जातो. शिवाय डॉक्टरचं फॉर्म एस-३ चं सर्टिफिकेट लागतंय, त्यात तब्येतीबरोबर डोकं ठिकाणावर आहे आणि दारू-नशेचं व्यसन नाही हेपण येतंय (इथं गावातले निम्मे उमेदवार गळतात, हसू नका). बंदूक सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि घरात कुलपात कशी ठेवणार त्याची लेखी हमी पण जोडायची.

ग्रामीण भागातली फाईल डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला जाते, तिथनं आपल्या पोलीस स्टेशनला चौकशीला. माझ्या वेळी साहेब घरी आले आणि पहिलं विचारलं, "कपाट दाखवा". नाकारलं तर कारण लेखी मागून घ्या, अपील करता येतंय. मिळालं की मुदत ५ वर्षांची.

सीमेवरच्या माणसांनी एक ध्यानात ठेवा, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर जी जमीन लिहिलीय तेवढ्यापुरतंच ते चालतंय. निम्मं शेत इकडं आणि निम्मं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असलं म्हणून बंदूक खांद्यावर टाकून ओढा ओलांडायचा नाही.

आजोबांची ठासणीची माळ्यावर पडून आहे, तिचं काय? आजोबा गेले की त्यांचं लायसन्स संपलं, बंदूक पोलिसांत नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची आणि वारसानं बाकीच्या वारसांची ना-हरकत घेऊन स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. आजोबा हयात असतील आणि वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडं असेल तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतोय, तेच बरं.

आता हाताळायचं. आमचे काका बांध ओलांडताना दर वेळी बारा बोअर मधनं मोडून उघडायचे, दोन्ही काडतुसं काढून खिशात घालायचे, मग पाय टाकायचे, पलीकडं गेल्यावर परत भरायचे. आम्ही कंटाळायचो. पण ओल्या बांधावर पाय घसरला तर बार कुणाच्या अंगात जाईल सांगता येत नाही. भरलेली नाही असं कितीही वाटलं तरी भरलेलीच समजायची, नळी माणसाकडं कधी नाही, आणि बोट घोड्यावर शेवटच्या क्षणी. ठासणीचीला टोपी (बार पेटवणारी केप) आधी चढवून मग दारू ठासायचा गज घालायचा नाही, क्रम चुकला की हात गेला. उसात खसखस झाली म्हणून आवाजावर बार तर अजिबात टाकू नका, आत तोडणीवाला असेल, नाहीतर रात्री पाणी सोडायला आलेला आपलाच भाऊ. घरी आलं की बंदूक रिकामी करून एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली पोरांच्या हाताला लागेल अशी नको.

आणि लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडनं वेगळी घ्यावी लागते. गवा आणि हत्ती तर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्यांच्यावर नळी रोखायचा विचारच नको, नुकसान झालं तर फोटो काढून भरपाईचा अर्ज वनखात्याकडं करा. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इलेक्शन लागलं की जमा करायची ऑर्डर निघते. तेव्हा पोलीस स्टेशनला बंदूक देताना पावतीवर नंबर बरोबर लिहिलाय का तिथंच उभं राहून वाचा, परत आणायला तीच पावती दाखवावी लागतेय.