गोबेरो (नायजर)

गोबेरो ही नायजर देशातल्या तेनेरे वाळवंटातली अश्मयुगीन दफनभूमी, एका कधीच आटून गेलेल्या तळ्याच्या काठावरची. तेनेरे म्हणजे सहाराचाच दक्षिणेकडचा तुकडा, आज तिथे नजर जाईल तिथवर वाळू. शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो २००० साली डायनोसॉरची हाडं शोधत तिथे फिरत होते आणि त्यांच्या टीममधला फोटोग्राफर माइक हेटवर याला वाळूतून वर आलेली हाडं दिसली, पण ती निघाली माणसांची. नीट उत्खनन २००५ आणि २००६ मध्ये झालं, पुरातत्त्वाची बाजू इटलीच्या एलेना गार्चेआ यांनी सांभाळली आणि सांगाड्यांची क्रिस स्टोयानोव्हस्की यांनी. दफनं सुमारे २००. पहिला मोठा अहवाल २००८ चा.

वाळवंटात तळं कुठून आलं, तर होलोसीनच्या (शेवटच्या हिमयुगानंतरच्या, आजवर चालू असलेल्या काळाच्या) सुरुवातीला पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन जास्त तापायचं, मान्सून बराच उत्तरेला सरकायचा आणि सहारा हिरवा व्हायचा. हे सलग मात्र नव्हतं, मधे एक मोठा कोरडा काळ येऊन गेला, आणि गोबेरोचं सगळं कालमापन या कोरड्या काळाभोवतीच फिरतं.

पहिली वस्ती साधारण इ.स.पू. ७७०० ते ६२०० मधली, दफनं इ.स.पू. ७५०० च्या आसपास सुरू होतात म्हणजे सहारातली आतापर्यंत माहीत असलेली सर्वात जुनी दफनभूमी हीच. मग हजारेक वर्षं कोणी नाही. दुसरी वस्ती कधीपासून धरायची यावर आकडे हलतात, पाणी परत आलं त्या टप्प्याची सुरुवात इ.स.पू. ५२०० धरलेली दिसते तर नवीन लोक आले त्याला इ.स.पू. ४६०० चा आकडा दिला जातो, आणि दोन्ही आकडे एकाच अहवालातले आहेत हे लक्षात न घेता लोक कुठलातरी एक उचलतात. तळं भरणं आणि माणसं परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दफनांपुरतं बोलायचं तर उशिराची तारीख जास्त सेफ वाटते. या तारखा ७८ रेडिओकार्बन मापनांवर (किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून वय काढण्याची पद्धत) उभ्या आहेत, पण तापलेल्या वाळूत हाडातलं कोलॅजन हे प्रथिन टिकत नाही, खनिज भागावरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे धरूनच चालावं.

पहिल्या लोकांना किफियन म्हणतात. चांगले दणकट, काही जण जवळजवळ २ मीटर उंच. हाडाचे हारपून (मासे मारायचे काटेरी भाले), गळ, नागमोडी रेघांची खापरं, आणि जेवणात नाईल पर्चसारखा भलामोठा मासा म्हणजे तळं खोलच असणार. प्रेत पुरायचे ते गुडघे छातीला इतके घट्ट दुमडून की आधी बांधून घेतलं असणार असं वाटतं. पुढे पाणी वर चढून या कबरी बुडाल्या, त्यामुळे ही हाडं काळपट दिसतात.

नंतरचे तेनेरियन, अंगानं बारीक. मासे, शिंपले, शिकार सगळं खाणारे. यांच्या कबरींत वस्तू येतात, एका मुलीच्या दंडात पाणघोड्याच्या दाताचं कडं आहे, एक पुरुष कासवाच्या पाठीवर बसवून पुरलाय. सगळ्यात प्रसिद्ध ती तिघांची कबर, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीची. एक बाई कुशीवर, समोर दोन मुलं, एक ५ च्या आसपासचं एक ८ च्या, हात एकमेकांत गुंतलेले, सोबत चार बाणाग्रं. हाडांवर जखमेची खूण नाही. सांगाड्यांखालच्या मातीत सेलोशियाचे परागकण सापडले म्हणून फुलं अंथरून ठेवलं असावं असा अंदाज केला जातो. सेलोशिया म्हणजे आपल्या कुरडू आणि कोंबड्याचीच प्रजाती, पावसाळ्यात बांधावर उगवते ती.

खरा वाद नावांचा. 'तेनेरियन' हे मुळात अवजारांवरून पडलेलं नाव, नायजरमधल्याच आयर डोंगराकडच्या हिरव्या दगडाच्या चकत्या आणि पाती ही त्याची ओळख, शिवाय नायजरमधल्याच अद्रार बूस या ठिकाणी १९७० मध्ये पाळीव गाईचा अख्खा सांगाडा मिळाल्यापासून तेनेरियन म्हणजे गुराखी हे समीकरण बसलं. गोबेरोला हिरवा दगड आहे पण गुरांची हाडं अगदी थोडी, मग तळ्यावर जगणाऱ्या या लोकांना गुराखी कसं म्हणायचं? दुसरं म्हणजे कवट्यांच्या मापांवरून किफियन मघरेबच्या (वायव्य आफ्रिकेच्या) जुन्या लोकांच्या जवळ जातात आणि तेनेरियन वेगळे पडतात, यावरून आधीचे गेले आणि दुसरेच आले असा निष्कर्ष सेरेनो आणि सहकाऱ्यांनी काढला. तो चुकीचा म्हणता येत नाही, पण नुसत्या मापांवर 'लोक' ठरवणं जरा धाडसाचं, म्हणून प्रस्तुत नोंदीत ही नावं काळाच्या लेबलासारखीच वापरली आहेत. नंतरच्या लिखाणात पूर्व (म्हणजे सुरुवातीचा) आणि मध्य होलोसीन अशी विभागणी दिसते, तीच बरी. दातांमधल्या स्ट्रॉन्शियमवरून (खाण्यापाण्यातून दातांत उतरणारं, जागेनुसार वेगळी खूण ठेवणारं मूलद्रव्य) हे लोक किती फिरत होते याचाही अभ्यास झालाय, त्यात सुरुवातीचे लोक बऱ्यापैकी एकाच भागात राहणारे दिसतात.

इ.स.पू. २५०० च्या सुमारास तळं आटलं, त्यानंतर आले ते येणारे-जाणारेच. आता वारा वाळू उडवून कबरी उघड्या पाडतो, आणि मग तोच वारा वाळूचे कण मारून उघडी हाडं झिजवतो.